धुतलेला मका

माशांना विषबाधा होऊ नये म्हणून मी मका धुतला, आणि ते धुतलेलं पाणी माशांच्याच तळ्यात जाऊ दिलं.

यात मला कुणी फसवलं नव्हतं. भर दुपारी, चष्मा लावून, पूर्ण शुद्धीत केलं. पिशवीवर लाल अक्षरात काय लिहिलंय तेही वाचलं होतं. साखर कारखान्याच्या कचेरीत माझी सगळी नोकरी गेली, आणि तिथं माझं काम काय, तर ऊसतोडीची पाळी का चुकली म्हणून भांडायला आलेल्या शेतकऱ्याला शांतपणे समजावणं की वाचल्याशिवाय सही करू नये. सांगायचा मुद्दा, वाचण्यात मी कमी पडलो नाही. वाचल्यानंतर जे करायचं असतं त्यात पडलो.

तळं माझ्या थोरल्या भावाचं. मी त्याला दादा म्हणायचो. तापीकाठी, सारंगखेड्याच्या अलीकडे आमची जमीन आहे. केळी, कापूस, थोडा ऊस. मी शहाद्याला घर केलं, दादा गावातच राहिला. त्यानं शेताच्या कोपऱ्यात शेततळं खोदलं, त्यात काळा प्लास्टिकचा कागद अंथरला, आणि शेवाळ खातात म्हणून कुणीतरी सांगितलं तेव्हा कॅनमध्ये घालून बोटाएवढी माशांची पिल्लं आणून सोडली. रोहू बरेच, कटला थोडे. आमच्या घरात अंडंही येत नाही. वहिनी कितीतरी दिवस तळ्याकडे फिरकल्या नाहीत. दादा त्यांना म्हणायचा, खायचे कुठं आहेत, पाळायचे आहेत, दावणीला बैल असतो तसे.

त्यातला एक कटला वाढला. म्हणजे दादाच्या सांगण्यात वाढला. पाणी हिरवंगार, आत काही दिसत नाही, पण दादाला तो दिसायचा. चहाच्या टपरीवर दोन्ही हात फाकवून तो त्याचं माप दाखवायचा, आणि दर महिन्याला हात थोडे आणखी फाकायचे. माझा भाऊ देवमाणूस होता, पण मापाच्या बाबतीत त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नसे. त्याच्या सांगण्यात कापसाची झाडं त्याच्या डोक्यावरून जात, आणि केळीचा घड उचलायला दोघं लागत. गावातले लोक त्याला विचारायचे, दादा, मग त्या माशाला वखराला कधी जुंपता? तोही हसायचा. वहिनी तर सगळ्यांत जास्त हसायच्या. घरात पाहुणा आला की त्याच सांगायच्या, यांना मासा दाखवायला सांगा, आणि दादाचे हात वर झाले की पदर तोंडाला लावून आत जायच्या.

सारंगखेड्याच्या यात्रेचे घोडे गावात यायला लागले त्या दिवसांत दादा गेला. सकाळी केळीला पाणी लावून आला, बाजेवर टेकला, आणि उठला नाही.

तेरा दिवस झाल्यावर वहिनी रोज संध्याकाळी तळ्यावर जायला लागल्या. पोळ्या लाटताना कणकेचा पहिला उंडा बाजूला काढायच्या, तो घेऊन जायच्या आणि लहान लहान गोळे करून पाण्यात टाकायच्या. प्रकाशा तीर्थाच्या संगमावर लोक माशांना कणीक घालतात ती गेलेल्या माणसाच्या नावानं. वहिनींनी ते घरच्या तळ्यावर सुरू केलं, एवढाच फरक. मुलगा नाशिकला असतो. तो म्हणाला, आई, तिकडं ये. त्या गेल्या नाहीत. माशांना कोण घालेल, म्हणाल्या.

मला गळाचा नाद लागला तो निवृत्तीनंतर. धडगावला एक जुना सहकारी राहतो, त्यानं एकदा नर्मदेवर, धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यावर नेलं आणि हातात काठी दिली. मासा लागला, मी घाबरून काठीच सोडून दिली, आणि त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की हे आपल्याला जमणार. बायकोनं गळाचा डबा चपलांच्या कपाटाच्या पुढं आणायला बंदी केली. मग मी मासे पकडून परत सोडायला लागलो. शहाद्यात माझी ख्याती अशी झाली की हा माणूस मासा धरतो आणि सोडून देतो. मग करतो काय, असं लोक विचारतात. 

फाल्गुनात एकदा वहिनींना भेटायला गेलो. त्या तळ्यावरच होत्या.  मी केळीच्या भावाचं काहीतरी काढलं, ते त्यांनी ऐकलं नाही. मग पाण्याकडं बघतच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीन गळ टाकतस ना? माले तो मासा एकडाव देखाडा. पन त्याले काही व्हवाले नको."

मी म्हटलं, एवढंच ना.

त्या पुढं जे बोलल्या ते आजही माझ्या मनातून जात नाही. दादाला आयुष्यभर सगळे हसले, मीही हसले, असं म्हणाल्या. समोर बसून हसले. तो मासा आहे की नाही, केवढा आहे, हे एकदा डोळ्यांनी बघायचंय. खरा निघाला तर निदान दादाच्या फोटोसमोर उभं राहून सांगता येईल. खोटा निघाला तर तेही कळू द्या. पण दादानं सोडलेल्या जिवाला माझ्या बघण्यापायी इजा झाली, तर मी पुन्हा इथं येणार नाही.

तेव्हा काय करायचं होतं ते स्वच्छ होतं. मासा वर काढायचा, वहिनींना दाखवायचा, आणि जसाच्या तसा परत सोडायचा.

मी तयारीला लागलो, आणि माझ्याच तोंडानं सांगतो, की तयारी चांगली केली. गळाला आतल्या बाजूनं जो उलटा काटा असतो, तो पकडीनं चेपून सपाट केला, म्हणजे माशाचं तोंड फाटत नाही. वर काढल्यावर ठेवायला ओलं गोणपाट आणलं. कोरड्या हातानं धरला तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखम धरते, म्हणून हात आधी पाण्यात बुडवायचे हेही घोकून ठेवलं. वहिनींनी गळ मागून घेतला, तळहातावर टेकवून बघितला. माशाला लागेल का, विचारलं. मी म्हटलं, त्याचा ओठ आपल्या नखासारखा असतो, फार काही जाणवत नाही. त्यावर त्यांनी विचारलं की हे तुम्हाला त्यानं सांगितलं का, आणि एकदा तुमच्या ओठाला लावून बघू का. मी विषय बदलला.

गळाला काय लावायचं, याची त्यांची अट होती. जे आपण खाऊ शकतो तेच. वास यावा म्हणून बाजारातलं काही नको, चार दिवसांची आंबलेली पेंड नको. मी म्हटलं, तुमची कणीकच लावतो. लावली. पहिल्या रविवारी ती गळावरून विरघळून गेली. दुसऱ्या रविवारी बारके रोहू येऊन अलगद काढून नेत राहिले. दोन वीतभर रोहू लागलेही, वहिनींनी ते गोणपाटावर बघितले, हा नव्हे म्हणाल्या, आणि मी सोडले. हळद टाकली, बेसन टाकलं, पोह्याचा चुरा मिसळला. कटला काही येईना. वहिनी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहायच्या. संध्याकाळ झाली की खुर्ची उचलून निघताना एकदा पाण्याकडं बघायच्या, आणि ते बघणं मला बघवेना.

मोबाईलवर एक गृहस्थ मासेमारीचे व्हिडिओ टाकतात. त्यांनी सांगितलं की मोठा मासा हवा असेल तर मक्याचा दाणा लावा. तो गळावर टिकतो, लहान माशाच्या तोंडात मावत नाही, रंगीत असेल तर लांबून दिसतो. आणि आदल्या दिवशी मूठ मूठ दाणा एका जागी टाकून ठेवा, म्हणजे माशांना तिथं यायची सवय होते. त्यांनी हेही सांगितलं होतं की दाणा रात्रभर भिजवा आणि मऊ होईपर्यंत शिजवा, कारण कच्चा दाणा माशाच्या पोटात जाऊन फुगतो. एवढा भाग मी थोडा पुढं ढकलला होता. मला वाटलं पाल्हाळ लावतोय.

मका वाण्याकडून घ्यायचा ठरवून मी शनिवारी शहाद्याहून निघालो आणि विसरलो. आठवलं ते थेट दादाच्या शेतावर. वहिनी गावात कुणाकडे तरी गेल्या होत्या. शेडमध्ये रब्बीच्या पेरणीतून उरलेली मक्याच्या बियाण्याची पिशवी होती. उघडली तर दाणे गुलाबी. आमच्याकडचा शेतकरी हा रंग लहानपणापासून ओळखतो. बियाण्याला कीड लागू नये, बुरशी येऊ नये म्हणून औषध चोळलेलं असतं, आणि कुणी चुकून खाऊ नये म्हणून त्याला रंग दिलेला असतो. पिशवीवर लिहिलेलंच होतं, विषारी आहे, माणसांना आणि जनावरांना खाऊ घालू नये. मी ते वाचलं. वाचून माझ्या डोक्यात काय आलं ते लिहायला आज हात जड होतो. माझ्या डोक्यात आलं, रंगीत आहे. लांबून दिसेल.

तरी मी अगदीच बेफिकीर नव्हतो. मी ठरवलं की धुवायचं. स्वच्छ, चार पाण्यांनी. शिजवायचं मात्र राहिलं, कारण त्याचा रंग वहिनींच्या पातेल्याला लागला असता. इथं जरा थांबतो. जे त्यांच्या पातेल्यात घालायला मला नको वाटलं, ते त्यांच्या माशांच्या पोटात घालायला चाललं. हा विचार त्या दुपारी माझ्या मनाला शिवलाही नाही. मी बादली घेतली, तळ्याच्या काठावर बसलो, तळ्यातलंच पाणी घेऊन मका चोळून चोळून धुतला. पाणी गुलाबी व्हायचं, ते मी बाजूला ओतायचो. बाजूला म्हणजे कागदाच्या उतारावर, तिथं चिखल होत नाही म्हणून. उतार तळ्यात जातो. उन्हाळा लागला होता, पाणी निम्म्याखाली गेलं होतं, आणि ते गुलाबी ओघळ काळ्या कागदावरून खाली जाताना मी बघत होतो. मला वाटत होतं, चला, विष निघालं.

मका पांढरट झाला तेव्हा मला इतकं समाधान वाटलं की मी त्यावर गूळ चोळला आणि अर्धी बादली, मी गळ टाकायचो त्या कोपऱ्यात, पाण्यात पसरली. उद्या वहिनींना मासा दाखवायचाच, असं म्हणत मोटारसायकलवर शीळ घालत शहाद्याला आलो.

रविवारी सकाळी पोचलो तेव्हा वहिनी काठावर उभ्या होत्या. खुर्ची नव्हती. माझ्या हातात गळाचा डबा, खांद्यावर गोणपाट. त्यांनी वळून बघितलं नाही. पाण्यावर पांढरी पोटं दिसत होती. रोहू. काही निपचित, काही अजून गोल गोल फिरत होते, जसं कुणी त्यांना एका बाजूनं ओढतंय. बाकीचे पाण्याच्या वर तोंडं काढून हवा गिळत होते.

"काय टाकं तुम्हीन पानीमा?" वहिनींनी विचारलं.

त्यांचा आवाज चढला नाही. मी सांगितलं. पिशवी, रंग, बादली, उतार, गूळ. सांगता सांगता मला स्वतःलाच एकेक गोष्ट पहिल्यांदा कळत गेली. गूळ सांगितला तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

मग त्यांनी पदर खोचला. आधी गुरं तळ्यापासून लांब बांधायला सांगितली. सालदाराला, सालावर ठेवलेल्या गड्याला, हाक मारली. हा माणूस सातपुड्यातला, अक्राणीकडचा, दादाकडे कितीतरी वर्षं होता. शेतीची लाईट अजून यायची होती, म्हणजे मोटर बंद. तोवर आम्ही बादल्यांनी पाणी उचलून उंचावरून परत टाकत राहिलो, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. मी कोपऱ्यातला मका काढायला जुनी मच्छरदाणी घेऊन उतारावर उतरलो, कागदावर शेवाळ होतं, घसरलो तो थेट पाण्यातच बसलो. छातीपर्यंत. सालदारानं कुंपणाला बांधलेला दोर माझ्याकडं फेकला आणि वर ओढलं. त्यानं विचारलं की तुमच्या घरात पिण्याच्या माठातच विष धुवायची पद्धत आहे का, म्हणजे मी माझं पाणी घरून आणत जाईन. मी ओला उभा होतो, हसण्याची सोय नव्हती. दुसऱ्यांदा दोर कमरेला बांधून उतरलो आणि जेवढा मका हाताला लागला तेवढा मच्छरदाणीत ओढून वर दिला. फारसा लागला नाही. तो माशांच्या पोटात गेला होता.

लाईट आली तेव्हा मोटर सुरू केली. एका बाजूनं तापीचं ताजं पाणी आत, दुसऱ्या बाजूनं पाईप टाकून जुनं पाणी पडीक वावरात. वहिनी पाईपाजवळ बसल्या. मेलेले मासे सालदारानं टोपल्यात काढले. त्यातले काही तो घरी नेतो म्हणाला, ताजे आहेत, मातीत कशाला घालायचे. वहिनी नाही म्हणाल्या. त्याला राग आला. तुम्ही खात नाही म्हणून आम्हीही खायचं नाही का, असं तो बोलला, आणि त्याचं बोलणं चूक नव्हतं. हे आवडीनिवडीचं नाही, माशात विष आहे, तुझ्या पोरांना बाधेल, हे त्याला समजावून सांगण्याचं काम वहिनींनी माझ्यावर टाकलं. म्हणजे मी काय केलं ते पुन्हा एकदा, त्याच्यासमोर, पहिल्यापासून सांगायचं. मी सांगितलं. त्यानं टोपलं खाली ठेवलं आणि कुदळ घेऊन आला.

आम्ही दोघांनी बांधाच्या पलीकडे, कुत्र्यांना उकरता येणार नाही एवढा खोल खड्डा केला. मासे ओळीनं ठेवले. का कुणास ठाऊक, टोपलं सरळ ओतवेना. त्यातले काही दादानं हातानं सोडलेले असणार. वर चुना टाकला, माती लोटली. मेलेल्या माशांत कटला एकही नव्हता, हे मी दोनदा बघितलं, पण वहिनींना जाऊन सांगायचं धाडस झालं नाही. तळाशी बसला असला तर? मेलेला मासा लगेच वर येतोच असं नाही.

दुपारपर्यंत आम्ही बसून होतो. पाईपातून पाणी पडत होतं. वहिनी मध्येच म्हणाल्या की चूक तुमची एकट्याची नाही. मी महिनोन् महिने रोज उंडा घालतेय, एक टाकायचा तिथं चार टाकले, मासे खातात किती आणि तळाशी सडतं किती ते कधी बघितलं नाही. पाणी इतकं हिरवं झालं ते त्यानंच. आधीच त्यांना श्वास पुरत नव्हता. हे त्या मला बरं वाटावं म्हणून बोलल्या नाहीत. स्वतःशीच बोलत होत्या. मला बरं वाटलंही नाही.

मग पाईपाखाली, जिथं पांढरा फेस होत होता, तिथं पाणी जरा हललं. आधी एक काळपट पाठ. मग मोठं डोकं, वर वळलेलं तोंड. कटला एका कुशीवर कलला होता, पण तोंड उघडत-मिटत होता, आणि ताज्या पाण्याच्या धारेत तोंड खुपसून जागच्या जागी राहायचा प्रयत्न करत होता. पाणी उतरल्यामुळे आणि ताजं पडल्यामुळे त्या जागी आरपार दिसत होतं. अंगावरचे खवले एकेक दिसत होते.

वहिनी उठल्या. काठापर्यंत गेल्या. सालदार त्यांच्या मागं दोर घेऊन उभा राहिला, त्यांना त्याचं भान नव्हतं. त्या बघत राहिल्या. मासा गोणपाटावर ठेवून दाखवणार होतो मी त्यांना, चमकता, धडधाकट. तो असा दिसला.

मी मनातल्या मनात माप घेतलं. मोठा होता. पण दादा टपरीवर जेवढे हात फाकवायचा त्याच्या निम्मा असेल, फार तर निम्म्याहून थोडा जास्त.

"देखा," वहिनी म्हणाल्या. "तुमना दादा इतलाच सांगेत."

मी दादाचा धाकटा भाऊ. दादाचे हात माझ्याएवढे कुणी बघितले नसतील. आयुष्यात फार कमी वेळा मला मनातलं मनातच ठेवायचं सुचलंय, त्यातली ही एक वेळ. मी म्हटलं, हो, इतलाच. सालदारानं माझ्याकडं बघितलं आणि तोही म्हणाला, इतलाच.

त्या संध्याकाळी वहिनींनी फोटोसमोर दिवा लावला आणि बराच वेळ तिथं उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मी अंगणात, दादाचं धोतर गुंडाळून, माझे कपडे वाळायची वाट बघत बसलो होतो.

कटला जगेल की नाही, हे मात्र त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं. लाईट येईल तसं पाणी बदलत राहिलो. खायला काही घालायचं नाही असं ठरलं, पोटात आहे तेच पुष्कळ आहे. मी रोज शहाद्याहून यायचो. बायको विचारायची नाही कुठं चाललात, डबा हातात द्यायची. बियाण्याची उरलेली पिशवी मी तोंड बांधून शेडमध्ये उंच खुंटीला टांगली, आणि कृषी केंद्रवाल्याला विचारायला गेलो की याचं करायचं काय. तो म्हणाला, पेरा. एवढं साधं उत्तर मला तोवर सुचलं नव्हतं. पाऊस पडल्यावर पेरला. चांगला आला.

आठवडाभरानंतर कटला एकदा दिसला, कुशीवरून सरळ झालेला. मग परत नाही. वहिनींनी मला एकदाही विचारलं नाही, जगेल ना, म्हणून. त्यांनी विचारावं म्हणून मी वाट बघत होतो.

अधूनमधून आता तळ्यावर मका शिजतो. खायचा, वाण्याकडचा. रात्रभर भिजवलेला, बोटात धरला की फुटेल इतका मऊ शिजवलेला, थंड केलेला. वहिनी स्वतः एक दाणा तोंडात टाकून बघतात, मगच मूठभर पाण्यात जातो. उरलेला म्हशीला. गळ मी तिथं पुन्हा टाकला नाही, मला कुणी मनाई केली नाही तरी. काठी शेडमध्ये पडून असते. कुणी गळ टाकायला शिकव म्हणून आलं, की मी त्याला आधी आमिषाबद्दल इतकं सांगतो की तो कंटाळून जातो.

पावसाळ्यानंतर, पाणी भरल्यावर, एका संध्याकाळी वहिनींनी मलाही अर्धा उंडा दिला. पहिल्यांदाच. मला भरून आलं. मी लहान गोळे घट्ट दाबून वळले आणि एकेक करून टाकले. पाणी हललं नाही. थोड्या वेळानं वहिनींनी त्यांच्यातला एक टाकला, तो पाण्यावर तरंगला, आणि खालून ते मोठं तोंड वर आलं, गोळा घेतला, शेपटी वळवली आणि गेलं. जगला होता. नुसता जगला नव्हता, धडधाकट होता. वहिनींनी दुसरा टाकला, परत आला. मी टाकला, नाही आला. असं तीन-चार वेळा झालं.

माझे डोळे ओले झाले होते हे कबूल करतो. मी म्हटलं, वहिनी, बघा, मुका जीव आहे पण विसरत नाही. तुम्हाला ओळखतो. माझ्यावरचा राग अजून गेला नाही त्याचा, आणि जाऊही नये.

वहिनींनी माझ्या हातातला उरलेला उंडा घेतला, बोटांनी दाबून बघितला, आणि परत माझ्या हातात ठेवला.

"तो कोनलेच वळखत नही, भाऊजी. वरवर खास तो, आन् तुमना दाबेल गोळा दगडसारखा बुडी जास. साधा गोळा वळता येत नही तुमले."